पर्ल ५.१६.३ नव्या मशीनवर बांधतोय : पॅच बसला, तरी खातं वाचताना सेगफॉल्ट

बारदान | शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. प्रिंटरची रिबन अडकली तरी हाक मलाच येते, त्यामुळं संगणकाचं खातंही आपसूक माझ्याकडं आलंय. इथं रोमन अक्षरं टाकली की मला नुसते चौकोन दिसतात, म्हणून आज्ञासुद्धा देवनागरीत लिहितोय. समजून घ्या.

आमचा पट्टीचा (शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदाचा) प्रोग्रॅम पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे. मालकांच्या थोरल्या चुलत्यांनी हौसेनं लिहिलेला, अकरा हजारांवर ओळी. ते आता नाहीत. शेतकऱ्याचं नाव-गाव, पोती, वजन आणि सौद्याचा दर टाकला की हमाली, तोलाई, मोटारभाडं, घेतलेली उचल वजा होऊन पट्टी बाहेर. खाती जीडीबीएमच्या फायलीत, म्हणजे किल्ली दिली की तिची किंमत काढून देणाऱ्या साध्या डेटाबेसमध्ये. सेंटओएस ७ या लिनक्सवर, त्याच्यासोबत आलेल्या पर्ल ५.१६.३ वर, इतकी वर्षं कुणी हात लावला नव्हता. गेल्या आठवड्यात त्या मशीनचा मदरबोर्ड गेला. डिस्क वाचली, देवाची कृपा.

नव्या मशीनवर डेबियन १२ हे दुसरं लिनक्स टाकलं, त्यात पर्ल ५.३६ आहे. प्रोग्रॅम चालवला तर ‘डिफाइन्ड’ला आख्खा अ‍ॅरे दिलाय म्हणून अडून बसला. ती ठिकाणं शोधून काढली, दुरुस्त केली. मग चालला. पण एकाच शेतकऱ्याची पट्टी दोनदा छापली तर एकदा हमाली वर आणि उचल खाली, दुसऱ्यांदा उचल वर आणि हमाली खाली. बेरीज तीच. मालक म्हणाले, “आकडा तोच असू दे, पण समोरचा म्हणणार कायतरी फिरवलंय.” पटलं मला. म्हणून जुनाच पर्ल नव्या मशीनवर बांधायचा असं ठरलं.

५.१६.३ चा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवला. पहिल्यांदा एररनो मॉड्यूलवर अडलं. त्याचा पॅच (कोडमधले बदल सांगणारी फाईल) सापडला, लावला, सुटलं. मेक, म्हणजे बांधणी, पूर्ण झालं. प्रोग्रॅम उघडला, मेनू आला, खातं उघड म्हटलं की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावून प्रोग्रॅम मरतो. शोधाशोध केल्यावर कळलं की जीसीसी या सी कंपायलरच्या १० पासून पुढं, पर्लच्या कॉन्फिगरला (बांधणीची तयारी करणाऱ्या स्क्रिप्टला) अजून एक पॅच लागतो. तो एका पानावरून कॉपी करून फाईल केली. ‘पॅच -पी०’ दिलं तर फाईलच सापडेना. ‘पॅच -पी१’ दिल्यावर म्हणतो, कॉन्फिगर ही फाईल रीड-ओन्ली आहे, तरी लावून बघतो. आणि मग हंक १ फेल, हंक २ फेल, म्हणजे पॅचचे तुकडे बसलेच नाहीत. कॉन्फिगर.आरईजे नावाची फाईल तयार झाली. आता काय करू? सोमवारी सौदे आहेत.

---

खटपट्या | शनिवार, रात्री ११:४१

दादा, चुकीच्या दारात उभे आहात. ५.१८ पासून, म्हणजे २०१३ पासून, पर्लनं हॅशचा (किल्ली-किंमत जोड्यांच्या यादीचा) क्रम मुद्दाम दर वेळी वेगळा ठेवलाय, सुरक्षेसाठी. त्याआधीही क्रमाची हमी कधीच नव्हती, तुमच्या चुलत्यांचं नशीब होतं. पट्टी छापणारं लूप शोधा आणि ‘कीज’च्या (हॅशच्या किल्ल्या काढून देणाऱ्या शब्दाच्या) आधी ‘सॉर्ट’ लिहा. एका शब्दाचं काम आहे. त्यासाठी कुणी इंटरप्रिटर बांधतं का?

---

बारदान | शनिवार, रात्री ११:५५

लूप एक असतं तर केलं असतं हो. ‘कीज’ १४० ठिकाणी आहे, मोजलंय. त्यातलं कुठलं छापतं आणि कुठलं नुसती बेरीज करतं हे वाचायला महिना जाईल. शिवाय सॉर्ट लावलं की क्रम अकारविल्हे होणार, आणि जुन्या पट्टीवर क्रम अकारविल्हे नव्हता. आमच्याकडं माणसं दहा-दहा वर्षांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणतात आणि शेजारी ठेवून बघतात. ऐन आवकेत मी त्यात हात घालणार नाही. जून-जुलैत बघू.

---

मिरज_जंक्शन | रविवार, सकाळी ७:१०

खटपट्याचं तत्त्व बरोबर आणि बारदानचा वेळेचा हिशेबही बरोबर. मे महिन्यात यार्डात पाय ठेवायला जागा नसते, तिथं कोड रिफॅक्टर करा म्हणणं म्हणजे वरातीत घोड्याची नाल बदलणं.

एक पर्याय : सेंटओएस ७ ची इमेज कंटेनरमध्ये, म्हणजे नव्या लिनक्सच्या आतल्या वेगळ्या कप्प्यात, चालवा, ५.१६.३ आयता मिळेल. पण त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपलाय, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कंटेनरमधून चालवायचा म्हणजे वेगळीच पूजा. मी असतो तर बांधणंच पसंत केलं असतं.

---

कृष्णाघाट | रविवार, सकाळी ८:३२

बारदान, तुमची -पी ची गफलत तुम्हीच सोडवली आहे. गिटनं बनवलेल्या पॅचमध्ये फाईलच्या नावाआधी ए/ आणि बी/ असतं. -पी१ म्हणजे पहिला स्लॅश आणि त्याच्या आधीचं सोडून द्या. रीड-ओन्लीचं मनावर घेऊ नका, पर्लच्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या गठ्ठ्यात) फायली तशाच येतात.

हंक फेल झालाय तो जवळजवळ नक्की टॅबमुळं. पर्लच्या कॉन्फिगरमध्ये ओळी टॅबनं आत सरकवल्या आहेत. वेबपानावरून कॉपी केलं की टॅबच्या जागी स्पेस येतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पॅच मात्र अक्षर अक्षर जुळवून बघतो. खात्री करायची तर पॅचच्या फाईलवर ‘कॅट -ए’ चालवा. टॅब असेल तिथं टोपी घातलेला आय दिसेल. नुसती मोकळी जागा दिसली तर तेच कारण.

दोन उपाय. मूळ पॅच फाईल म्हणून उतरवा, कॉपी-पेस्ट नको. नाहीतर पॅचला ‘-एल’ द्या, म्हणजे तो मोकळ्या जागांच्या बाबतीत कानाडोळा करतो. आधी कॉन्फिगर.ओरिग वरून मूळ फाईल परत जागेवर ठेवा, नाहीतर अर्धवट लागलेल्यावर पुन्हा लावाल आणि तो विचारेल, हा पॅच उलटा आहे का?

---

बेदाणा | रविवार, सकाळी ९:०५

या पॅचमध्ये असतं तरी काय नेमकं? आम्ही तासगावकर, आम्हाला समजावून सांगा.

---

कृष्णाघाट | रविवार, सकाळी ९:४०

@बेदाणा, सांगतो, कारण ही माझी आवडती चूक आहे.

पर्लचं कॉन्फिगर कंपायलरची आवृत्ती विचारतं आणि त्याप्रमाणे झेंडे (फ्लॅग, कंपायलरला द्यायचे पर्याय) लावतं. जीसीसी १ साठी एक खास झेंडा होता, -एफपीसीसी-स्ट्रक्ट-रिटर्न. पीसीसी म्हणजे पोर्टेबल सी कंपायलर, त्या जुन्या कंपायलरच्या रीतीनं स्ट्रक्ट (एकत्र बांधलेल्या किमती) परत करा असा त्याचा अर्थ. आता कॉन्फिगरमध्ये ‘आवृत्ती १ आहे का’ हे ओळखायला लिहिलं होतं : १*

शेलमध्ये तारा म्हणजे पुढं काहीही. १.४० बसतं, १.४२ बसतं. आणि २०२० साली जीसीसी १० आला, तोही बसला! ११ बसला, १२ बसला, १९ पर्यंतचे सगळे बसणार. पोत्यावर १ नंबरचा लॉट उचल म्हणून सांगितलं आणि हमालानं १०, ११, १२ ची पोतीही गाडीत भरली, तसं. पॅचमध्ये मुख्य बदल एका टिंबाचा आहे : १* च्या जागी १.* केलंय. इथं रेग्युलर एक्सप्रेशन (शोधायच्या नमुन्यांची वेगळी लिपी, तिथं टिंब म्हणजे कुठलंही अक्षर) नाही, त्यामुळं टिंब म्हणजे खरंच टिंब.

जीसीसी १ चा जमाना १९८७ ते १९९२. ज्यानं ती ओळ लिहिली त्याला दोन आकडी जीसीसी स्वप्नातही दिसला नसणार. पर्लवाल्यांनी हे ५.३०.२ आणि ५.३२ मध्ये सुधारलं, ५.१६ तोवर कधीच मागं पडलेला.

अवांतर : पॅच हा प्रोग्रॅम १९८५ साली लॅरी वॉलनं लिहिला. पर्ल १९८७ साली त्यानंच. आणि त्या कॉन्फिगर स्क्रिप्टची पद्धतही मूळ त्याचीच. म्हणजे बारदानच्या मशीनवर सध्या एकाच बापाच्या तीन पोरांची भांडणं चालू आहेत.

---

खटपट्या | रविवार, सकाळी ९:४८

“आवडती चूक” म्हणे. +१ पण.

---

बारदान | रविवार, दुपारी १:१५

कृष्णाघाट, तुमच्या तोंडात साखर. ‘कॅट -ए’ केलं, एकही टोपीवाला आय नाही. मूळ पॅच उतरवला, -पी१ नं लावला. सगळे हंक लागले. काही ‘ऑफसेट’ असं म्हणाले, म्हणजे ओळी सरकलेल्या आहेत एवढंच ना? फझ वगैरे काही नाही. कॉन्फिगर -डीई, मेक, मेक इन्स्टॉल, सगळं पुन्हा केलं. पाऊण तास गेला, मशीन जुनंच विकत घेतलंय.

आणि खातं उघडलं. सेगमेंटेशन फॉल्ट.

तेच. तिथंच. जेवण गेलं नाही आज.

---

मिरज_जंक्शन | रविवार, दुपारी १:३०

ऑफसेट म्हणजे तेवढंच, काळजी नाही. फझ (आजूबाजूच्या ओळी पुरत्या न जुळता पॅच बसणं) असतं तर डोळ्यांनी बघावं लागलं असतं.

मेक टेस्ट (बांधलेल्या पर्लच्या चाचण्या) केलंत का?

---

बारदान | रविवार, दुपारी १:३३

नाही. लई वेळ खातं ते.

---

मिरज_जंक्शन | रविवार, दुपारी १:३४

😐

---

आयर्विन | रविवार, दुपारी २:२०

धागा आत्ता वाचला. “खातं उघडलं की पडतं” हे फार मोघम झालं. तुकडे करून सांगा. एक रिकामी जीडीबीएम फाईल ‘टाय’ करा (हॅशला जोडा) आणि हे चार वेगवेगळे करून बघा :

एक, नुसती टाय करून बंद करा.
दोन, एक किल्ली आणि किंमत लिहा.
तीन, ती किल्ली ‘एक्झिस्ट्स’ आहे का विचारा.
चार, तिची किंमत वाचा.

कुठल्या पायरीवर पडतं ते लिहा. खऱ्या खात्याच्या फाईलवर करू नका, कॉपीवरही नको.

---

बारदान | रविवार, दुपारी ३:०२

विचित्रच आहे. टाय होतं. लिहितं. आहे का विचारलं तर ‘आहे’ म्हणतं. वाच म्हटलं की मरतं. सगळ्या किल्ल्या दाखव म्हटलं तरी मरतं.

म्हणजे आमच्या शेजारच्या पेढीतल्या एका जुन्या मुनीमासारखं झालं. पैसे भरून घ्यायचा, खातं आहे म्हणायचा, उतारा मागितला की चक्कर यायची.

---

आयर्विन | रविवार, दुपारी ३:४५

हसू आलं, पण लक्षण अगदी बरोबर सांगितलंत. यावरून झेंडा अजून लागलेलाच आहे असं मी छातीठोक म्हणतो. कारण सांगतो.

जीडीबीएमची फाईल उघडणारं फंक्शन एक पॉइंटर परत देतं. लिहिणारं आणि ‘आहे का’ सांगणारं, दोन्ही एक साधा पूर्णांक देतात. पण वाचणारं फंक्शन आणि पहिली किल्ली देणारं फंक्शन ‘डेटम’ नावाचं स्ट्रक्ट परत देतात : एक पॉइंटर, एक लांबी. ६४ बिटांवर तो १६ बाइटांचा. म्हणजे स्ट्रक्ट परत देणारी तेवढीच पडतात, बाकीची चालतात. तुमच्या यादीशी ताडून बघा.

आता रीत अशी आहे. लिनक्सवर ६४ बिटांत एवढं छोटं स्ट्रक्ट आरएएक्स आणि आरडीएक्स या प्रोसेसरच्या दोन रजिस्टरांतून (आतल्या छोट्या जागांतून) परत येतं. डेबियननं दिलेली जीडीबीएम लायब्ररी तशीच बांधलेली आहे. पण तुमचा पर्ल -एफपीसीसी-स्ट्रक्ट-रिटर्न घालून बांधलेला असेल तर तो समजतो की उत्तर मेमरीत येणार. म्हणून तो बोलावताना आधी ‘उत्तर इथं ठेव’ म्हणून एक पत्ता देतो, पहिल्या जागेवर, आरडीआय रजिस्टरमध्ये. खरी फाईल सरकून दुसऱ्या जागेवर जाते. समोरच्या लायब्ररीला यातलं काहीच ठाऊक नाही. तुम्ही उजव्या हातात रिकामी पिशवी धरली आणि डाव्या हातात वही. समोरच्याला सवय उजव्या हातातली वही घ्यायची. त्यानं पिशवी घेतली आणि पानं उलटायला लागला. सेगफॉल्ट.

फेडोरा या लिनक्सवाल्यांकडं २०२० च्या सुमारास हेच झालं होतं. जीसीसी १० वर बांधलेल्या पर्लच्या डीबीएमच्या (जीडीबीएमच्या घराण्यातल्या डेटाबेसांच्या) चाचण्या कोसळल्या, तेव्हा माग काढत काढत त्या १* पर्यंत पोचले. मेक टेस्ट केलं असतं तर तुम्हालाही तिथंच दिसलं असतं. रागवत नाही, सांगतोय.

आता हे चालवा : नव्या पर्लला ‘-व्ही:सीसीफ्लॅग्ज’ द्या (कुठले झेंडे लावून बांधलाय ते तो सांगतो) आणि काय छापतो ते लिहा.

---

बारदान | रविवार, दुपारी ४:०१

आहे!! -एफपीसीसी-स्ट्रक्ट-रिटर्न लख्ख दिसतंय.

मग पॅच काय कामाचा? उघडून बघितलं, कॉन्फिगरमध्ये १.* आहे, टिंबासकट. सीफ्लॅग्ज.एसएच मध्येही बदल आलाय. मी वेडा होईन.

---

खटपट्या | रविवार, दुपारी ४:१०

सॉर्ट कीज.

---

बेदाणा | रविवार, दुपारी ४:१२

खटपट्या, गप की जरा 😄

पॅच चुकीच्या फोल्डरात लागला असेल का? दोन ठिकाणी सोर्स उघडलाय का? माझं एकदा असं झालं होतं, दुपारभर एका फोल्डरात दुरुस्ती आणि दुसऱ्यात मेक.

---

बारदान | रविवार, दुपारी ४:२५

नाही, एकच फोल्डर. पीडब्ल्यूडी (कुठल्या फोल्डरात आहे ते सांगणारी आज्ञा) करून बघितलं.

---

वाचनमात्र | रविवार, संध्याकाळी ५:३७

इथं पाच वर्षं नुसती वाचतेय, खातं आज लिहायला म्हणून उघडलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

बारदानदादा, तुम्ही त्याच फोल्डरात पुन्हा कॉन्फिगर चालवलंत ना? तेव्हा अगदी सुरुवातीला, ‘तुमचा संच पुरा आहे का बघू’ वगैरे गप्पा मारून झाल्यावर, ते एक वाक्य म्हणतं : मला एक कॉन्फिग.एसएच दिसतेय, तिच्यातली उत्तरं धरून चालू का? आणि चौकटी कंसात ठरलेलं उत्तर असतं ‘हो’. तुम्ही -डीई दिलंय. त्यातलं -डी म्हणजे प्रत्येक प्रश्नाला ठरलेलं उत्तर घे, विचारू नको. म्हणून त्यानं न विचारता ‘हो’ घेतलं.

कॉन्फिग.एसएच मध्ये शनिवारची उत्तरं आहेत, म्हणजे पॅच नसतानाची. सीसीफ्लॅग्ज तिथून जसेच्या तसे उचलले गेले. पॅच केलेलं कॉन्फिगर नवा झेंडा लावत नाही हे खरं, पण आधी लागलेला काढतही नाही. तो तुम्हीच मुद्दाम लावलाय असं समजतं.

‘ग्रेप पीसीसी कॉन्फिग.एसएच’ करून त्या फाईलीत पीसीसी कुठं आहे ते बघा. मेक क्लीन केलं तरी ती फाईल जात नाही.

---

आयर्विन | रविवार, संध्याकाळी ५:४४

ताई, पाच वर्षं का थांबलात?

बारदान, हेच आहे. ग्रेप करायचीसुद्धा गरज नाही, तरी करा.

---

मिरज_जंक्शन | रविवार, संध्याकाळी ५:५०

हरिपूरच्या पेवात (हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात) वरून नवी हळद ओतली तरी तळाला जुनीच, तसला प्रकार.

---

बारदान | रविवार, संध्याकाळी ६:०८

ग्रेप केलं. दोन ओळी आल्या. दोन्हीत तो झेंडा बसलाय.

ताई, तुमचे उपकार कसे फेडू. आता नुसती कॉन्फिग.एसएच उडवू, की सगळंच पुन्हा?

---

वाचनमात्र | रविवार, संध्याकाळी ६:२०

नुसतं करायचं तर कॉन्फिग.एसएच आणि पॉलिसी.एसएच दोन्ही काढा. पर्लच्या बांधणीच्या सूचनांत पहिलीच आज्ञा ती आहे, पण ती आपण सगळेच ओलांडून जातो. मी तुमच्या जागी असते तर टारबॉल नव्या फोल्डरात उघडला असता. जुन्या .ओ फायली, .ओरिग, .आरईजे, काहीच संशयाला उरत नाही. एररनोचा पॅच विसरू नका, नव्या फोल्डरात तोही पुन्हा लावायचाय.

आणि मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. एकदा एका कॉलेजच्या लॅबमध्ये माझी अख्खी दिवाळीची सुट्टी या कॉन्फिग.एसएचनं खाल्ली होती.

---

कृष्णाघाट | रविवार, संध्याकाळी ६:३१

एक भर. -डीप्रिफिक्स देऊन /ऑप्ट मध्ये वेगळ्या जागी टाका. डेबियनचा स्वतःचा पर्ल /यूएसआर/बिन मध्ये आहे, त्याला धक्का लावू नका. त्याच्यावर डेबियनची कितीतरी घरची कामं अवलंबून आहेत. तो मोडलात तर पुढचा धागा “एपीटी चालेना” असा निघेल. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत नव्या पर्लचा पूर्ण रस्ता लिहा.

आणि कॉन्फिगर चालवण्याआधी जीडीबीएमचं डेव्ह पॅकेज आहे का बघा. हेडर सापडलं नाही तर जीडीबीएम मॉड्यूल बांधलंच जात नाही, आणि कुणी ओरडतही नाही. (तुमच्याकडं असणार, नाहीतर इथवर पडायलाच आला नसता.)

---

बारदान | रविवार, रात्री ९:५०

नवा फोल्डर. दोन्ही पॅच. -डीप्रिफिक्स=/ऑप्ट/पर्ल५१६. या वेळी स्क्रीनसमोरून उठलो नाही. कॉन्फिगरनं जुन्या फाईलचं नावही काढलं नाही. मेक संपल्यावर आधी -व्ही:सीसीफ्लॅग्ज. झेंडा गायब!

मिरज_जंक्शन, मेक टेस्टही केलं. जीडीबीएमच्या चाचण्या पास. पण टाइम-लोकल (तारखांचं मॉड्यूल) मध्ये काही फेल झाल्यात. आता हे काय नवीन? इन्स्टॉल करू की नको?

---

आयर्विन | रविवार, रात्री १०:०५

करा. ती तुमची चूक नाही, कॅलेंडरची आहे. दोन आकडी साल दिलं तर टाइम-लोकल ते आजपासून मागंपुढं पन्नास वर्षांत बसवतं. त्या जुन्या चाचण्यांत ७० लिहिलंय, म्हणजे त्यांच्या मनात १९७०. २०१९ पर्यंत ते १९७०च धरलं जायचं. २०२० उजाडलं आणि ७० म्हणजे २०७० झालं. जुना पर्ल आज बांधला की या चाचण्या फेल होणारच.

फक्त एक बघा : तुमच्या प्रोग्रॅममध्ये दोन आकडी सालं टाइम-लोकलला दिली जातात का? चालू सालांना धोका नाही. कुणाची जन्मतारीख वगैरे साठवत असाल तर मात्र बघाच.

---

बारदान | रविवार, रात्री १०:१२

जन्मतारखा नाहीत. सालं चार आकडी आहेत, चुलते त्या बाबतीत कडक होते. वाय-टू-के च्या वेळेला म्हणे रात्रभर जागले होते.

---

पुलावरचा_वारा | रविवार, रात्री ११:३०

एवढा खटाटोप वाचून दमलो. मंडळी, सीपॅनवर (पर्लच्या मॉड्यूलांच्या कोठारात) डेव्हल-पॅचपर्ल नावाचं मॉड्यूल आहे. जुन्या पर्लचा सोर्स त्याच्यापुढं ठेवायचा, तो आवृत्ती ओळखून लागतील ते पॅच स्वतः लावतो. जीसीसी ५ चा एररनोवाला त्यात आहे, जीसीसी १० चा टिंबवालाही आहे. पर्लब्रू (हवी ती पर्लची आवृत्ती बांधून देणारं साधन) वापरलंत तर तो आतून त्यालाच बोलावतो, आणि बांधतो घरच्या फोल्डरात, सिस्टीमच्या पर्लला हात न लावता. एका आज्ञेचं काम होतं.

---

बेदाणा | रविवार, रात्री ११:३३

शनिवारी कुठं होतात?

---

पुलावरचा_वारा | रविवार, रात्री ११:४०

मेव्हण्याच्या लग्नात. इस्लामपूरला.

---

कृष्णाघाट | सोमवार, सकाळी ६:५५

पॅचपर्लचं माझ्या ध्यानातच आलं नाही, कबूल. बारदाननं शनिवारी ते वापरलं असतं तर धागा तीन प्रतिसादांत संपला असता. पण पुलावरच्या वाऱ्या, आधी बिघडलेल्या फोल्डरातच नुसतं पॅचपर्ल चालवलं असतं, तर कॉन्फिग.एसएच तिथंही तशीच बसून राहिली असती. पर्लब्रू सोर्स स्वतः नव्यानं उघडतो, म्हणून तिथं हे दुखणं येत नाही.

---

बारदान | सोमवार, दुपारी २:४०

सकाळी आठला खऱ्या खात्यांची कॉपी जोडली. जुन्या मशीनवरची जीडीबीएम फाईल नव्या लायब्ररीनं मुकाट्यानं वाचली. पहिल्या पाच खात्यांची शिल्लक वहीशी ताडली, पैशाचा फरक नाही. मग मूळ फाईल लावली.

साडेदहाला पहिली पट्टी काढली. कवठेएकंदचा शेतकरी, राजापुरी हळद, अठरा पोती. मालकांनी कपाटातून त्याचीच मागल्या सालची पट्टी काढली, नवी तिच्यावर ठेवली आणि दारात जाऊन दोन्ही उजेडात धरल्या. हमालीवर हमाली, तोलाईवर तोलाई, उचलीवर उचल बसली. काही बोलले नाहीत, पोराला चहा सांगितला.

एक अडचण राहिली आहे. मराठी नावातला ‘ऱ्या’ छापताना फुटतोय. पण तो प्रिंटरच्या फाँटचा प्रश्न दिसतोय, त्याला वेगळा धागा काढतो.

---

खटपट्या | सोमवार, दुपारी २:५२

अभिनंदन दादा, मनापासून. सीझन संपला की सॉर्ट कीज. १४० ठिकाणं. मी मदतीला येतो, यार्डात भडंग तुमच्याकडून.

---

बारदान | सोमवार, दुपारी ३:०५

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात या. वाचनमात्र ताई, तुम्हीही.